प्रश्नपत्रिका रुग्णाने काढावी



प्रश्नपत्रिका काढण्यात माझी वीस वर्षे गेली. परंतु गतवर्षी माझे थोरले बंधू पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, तपासणीचा निकाल ऐकण्यास निघाले, तेव्हा एखादा प्रश्न लिहून न्यावा असे मला सुचले नाही. डॉक्टरांच्या तोंडून 'कर्करोग' हा शब्द निघाला आणि पुढील पंधरा मिनिटांतले आम्हां दोघांच्याही कानी काहीच शिरले नाही. घरी वहिनींनी विचारले, तेव्हा एवढेच सांगता आले, की आकडा 'दहापैकी सहा' आहे. साठ टक्के, असा त्यांनी अर्थ केला. त्या रात्री कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

वास्तविक तो आकडा सर्वांत खालचा होता! अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डोनल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडलेली ही मोजणी आहे. ग्रंथीतून सुईने काढलेल्या तुकड्यांत पेशींची रचना कितपत बिघडली आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोन अंक देतात व त्यांची बेरीज करतात. आज व्यवहारात ही बेरीज सहापासून दहापर्यंतच असते. शिवाय तीन अधिक चार आणि चार अधिक तीन, दोन्हींची बेरीज सातच. पण दुसरा प्रकार अधिक गंभीर. अंकगणितात न चालणारी गोष्ट येथे चालते. म्हणून बेरजेबरोबर अंकांचा क्रमही विचारावा. तुकड्यांपैकी कितींत रोग सापडला, तो ग्रंथीपुरताच आहे की बाहेर गेला आहे, हाडांची तपासणी हवी काय, हेही लिहून न्यावे. अहवालाची प्रत मागावी. शंका असल्यास तेच नमुने दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञास दाखविता येतात.

सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र निराळा : 'उपचार लगेच केलेच पाहिजेत काय?' घाबरलेला मनुष्य हा प्रश्न विचारीत नाही. ब्रिटनमध्ये रोग ग्रंथीपुरता असलेल्या १,६४३ पुरुषांचे शस्त्रक्रिया, किरणोपचार व नियमित देखरेख असे तीन गट केले होते. सुमारे पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शेकडा तीनच्या आसपासच होते. रोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात जवळजवळ दुप्पट होते, हेही विसरता कामा नये; आणि ज्यांचा आकडा वरचा आहे त्यांनी या निष्कर्षावर विसंबून थांबू नये. 'माझ्यासारख्यास काय लागू?' हे डॉक्टरांनीच सांगावयाचे.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दादांच्या खिशात अर्धा ताव कागद होता. लघवीवर ताबा राहील काय, हा प्रश्न त्यांनी माझ्यादेखत लिहिला. त्याखालची ओळ हाताने झाकून लिहिली. वैवाहिक जीवनाविषयीचा प्रश्न धाकट्या भावासमोर कोण विचारील? शस्त्रक्रिया व किरणोपचार या दोहोंनीही त्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तो विचारणे अगत्याचे असते. मी पाणी पिण्याचे निमित्त करून बाहेर गेलो.

परतलो तो डॉक्टर त्याच कागदावर, एकेका प्रश्नासमोर, स्वतःच्या हाताने उत्तरे लिहीत होते. अखेरीस त्यांनी लिहिले : 'तूर्त देखरेख. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणे.' तो कागद वहिनींनी घरी दोनदा वाचून घेतला.