खडीची वाट आणि शॉकरवाली सायकल

आम्ही लालबाग-परळकडच्या बायका. आमच्यातल्या निम्म्याजणींचं माहेर घाटावर, निम्म्याजणींचं कोकणात, त्यामुळे गावची वाट म्हणजे काय हे आम्हाला कुणी सांगायला नको. मागच्या वेळी बोललो त्यानंतर तुमच्यातल्या दोन-तीन गटांनी एकच गोष्ट विचारली. पोरगी आठवीत गेली, शाळा चार किलोमीटरवर, मधे खडी, ओढा आणि मोठा उतार. पोरगी म्हणते शॉकरवाली सायकल पाहिजे. दुकानदार म्हणतो, घेऊन टाका ताई, ही डोंगरावरसुद्धा चालते. तर गटातून कर्ज काढून ती घ्यावी का?

नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही. शॉकर काय काम करतो ते कळलं, तर दुकानात उभं राहून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून आज आधी खऱ्या डोंगरी सायकलीबद्दल बोलू, मग आपल्या वाटेकडे येऊ.

आमच्याकडे रविवारी पहाटे गिरगाव चौपाटीवरून मरीन ड्राइव्हकडे गेलं की सायकलवाल्यांचे घोळके दिसतात. त्यातल्या काही सायकलींचे टायर जाडजूड, पुढे दोन नळ्या आणि सीटच्या खाली मधोमध आणखी एक दांडुका. या डोंगरी सायकली. मुंबईच्या रस्त्यासाठी त्या नाहीतच. शौकीन लोक त्या गाडीवर लादून सह्याद्रीच्या वाटांवर नेतात. सांगाडा कार्बनचा, पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना शॉकर, आणि किंमत काही लाखांत. आमच्या गटातली एक म्हणाली, एवढ्यात दोन म्हशी येतील आणि गोठाही होईल. खरंच आहे.

कार्बन म्हणजे कोळसाच, पण धाग्याच्या रूपातला. आपण स्वेटर विणायला जी ॲक्रिलिकची लोकर आणतो ना, त्याच जातीचा धागा घेतात. तो हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. हवा नसल्यामुळे तो जळून राख होत नाही, त्यातलं बाकीचं निघून जातं आणि केसापेक्षा बारीक काळा कार्बन उरतो. मग गोधडीला थर लावतो तसे या धाग्यांचे थर साच्यात लावायचे, एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा. प्रत्येक धागा त्याच्या लांबीच्या दिशेनेच ताकदवान असतो, म्हणून जिथे जसा ताण येणार तिथे तसा थर. वरून चिकट राळ आणि उष्णता, की सगळं एकजीव होतं. असा सांगाडा हलका आणि ताठ असतो. तरी पुरी सायकल तेरा-चौदा किलोच्या आसपास जातेच, कारण शॉकरचं वजन असतं. आपली काळी दांड्याची सायकल वीस किलो किंवा त्याहून जड.

पण कार्बनची एक खोड आहे. लोखंड आधी वाकतं, म्हणजे ते सांगून मोडतं. कार्बनवर टोकदार दगडाचा घाव बसला तर वरून नुसता ओरखडा दिसतो आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून जाणकार लोक नाण्याने टकटक करून आवाज ऐकतात. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत बिघडलं. बाजारात माठ घेताना आपण काय वेगळं करतो? फरक एवढाच की माठ फुटला तर पाणी सांडतं, आणि उतारावर सांगाडा तुटला तर माणूस पडतं. शिवाय गावातला वेल्डिंगवाला याला हात लावू शकत नाही.

आता शॉकर. याच्या पोटात दोन कामं चालतात आणि दुकानदार तुम्हाला त्यातलं एकच सांगतो. पहिलं काम स्प्रिंगचं. महागड्या सायकलीत स्प्रिंगच्या जागी बऱ्याचदा हवा कोंडलेली असते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली रेटून बघा, हात परत वर ढकलला जातो. तीच हवेची स्प्रिंग. चाक दगडावर चढलं की ती दबते आणि धक्का अंगापर्यंत येऊ देत नाही.

पण दबलेली स्प्रिंग परत उसळणार. ती तशीच उसळू दिली तर सायकल बेडकासारखी उड्या मारेल आणि चाक जमिनीवर टिकणारच नाही. चाक हवेत असलं की ना ब्रेक लागतो, ना हँडल वळून उपयोग. म्हणून दुसरं काम, उसळी मारण्याचं, ते तेल करतं. रंगपंचमीची पिचकारी आठवा. हळू दाबली तर पाणी सहज येतं, जोरात रेटली तर दांडा अडतो. शॉकरच्या आत तेलाला तसंच बारीक भोकातून जावं लागतं, त्यामुळे स्प्रिंग सावकाश परत येते. मोटारसायकलच्या पुढच्या नळ्यांतून तेल गळायला लागलं की गाडी कशी थडथडते, ते तुमच्यातल्या पुष्कळजणींनी मागे बसून अनुभवलं असेल.

आणखी एक बारकावा. चांगल्या डोंगरी सायकलीवर माणूस नुसता बसला तरी शॉकर पाव-तिसरा हिस्सा दबला पाहिजे, अशी हवा भरतात. म्हणजे दगड आला की चाक वर जायला जागा आणि खड्डा आला की खाली उतरायलाही जागा. पन्नास किलोच्या पोरीला आणि नव्वद किलोच्या बाप्याला एकच शॉकर तसाच चालत नाही. प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे हवा वेगळी.

आता गंमत ऐका. या डोंगरी सायकलीचा जन्म कुठल्या कारखान्यात झाला नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डोंगरात, काही तरुण पोरं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडायची. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. एका उताराला तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचंच नाव ‘रिपॅक’, म्हणजे परत भरा, असं पडलं. तिथली पहिली शर्यत १९७६ ची. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. शॉकर, कार्बन सगळं मागाहून आलं. त्या पोरांचं मुख्य साधन होतं रुंद टायर आणि स्वतःचं शरीर.

आणि मुंबईचं म्हणाल तर १९२३ च्या ऑक्टोबरात इथून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातले तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परत आले, इराण-इराकचं वाळवंट आणि सिनाईची वाळू तुडवून. शॉकर नव्हता. अलीकडे २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी विसाव्या वर्षी एकटी सायकलवर जगाची फेरी करून आली, हे पोरींना जरूर सांगा.

आमच्या रोजच्या बघण्यातला सायकलवाला म्हणजे डबेवाला. १८९० पासून हे काम चालू आहे आणि माणसं बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगावकडची, म्हणजे तुमच्यापैकी कुणाच्या भावकीतलीही असतील. दादर, लोअर परळ स्टेशनाबाहेर त्यांच्या सायकली उभ्या असतात. ना गिअर, ना शॉकर, आणि वर डब्यांचं ओझं. पावसाळ्यात आमच्या रस्त्यांचे पेव्हर ब्लॉक उखडलेले, खड्ड्यांत पाणी. तरी डबे वेळेवर पोचतात. कसे? एक, डबे हँडलला आणि कॅरिअरला दोन्ही बाजूंनी सारखे लटकवलेले, म्हणजे तोल जात नाही. दुसरं, चाक मोठं, अठ्ठावीस इंची. लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक त्याच्यावरून निघून जातं. लाखांच्या डोंगरी सायकलीसुद्धा आधी सव्वीस इंची चाकाच्या होत्या, आता बऱ्याच एकोणतीस इंचीवर गेल्या आहेत. म्हणजे फिरून डबेवाल्याच्या चाकापाशीच आल्या म्हणायच्या. तिसरं, फार चढ आला तर डबेवाला उतरून ढकलतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

तर खडीच्या वाटेवर चालवायचं कसं, ते पोरीला घरी शिकवा. आधी टायर. रबरी टायरमधली हवा हाच सायकलचा पहिला शॉकर. डनलॉपने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी तो केला. दगडी वाटेवर हवा थोडी कमी असली तर टायर दगडाला धरून चालतो. पण फारच कमी झाली तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती असं समजा.

उतार आला की सीटवर बसून राहायचं नाही. दोन्ही पेडल समान उंचीवर आणायची, एक पुढे एक मागे, त्यांच्यावर उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं जरा वाकलेली, बूड थोडं मागे. गुडघे हेच आपले शॉकर, आणि ते फुकट मिळालेत. महाग सायकलीत उतारावर सीट खाली घ्यायला हँडलवर बटण असतं. आपल्याला पान्याने आधीच दोन बोटं खाली घेता येते. सीट उंच असली तर दगडावरून उसळल्यावर पाय जमिनीला पोचत नाहीत आणि पोरगी आडवी होते. बहुतेक पडणं याच्यामुळेच होतं, असं आमचं मत आहे.

नजर दगडावर ठेवायची नाही. ज्या फटीतून जायचं तिच्यावर ठेवायची, चार-पाच वाव पुढे. दगडाकडे बघत राहिलं की सायकल त्याच्यावरच जाते. बैलगाडीची चाकोरी ओलांडायची असेल तर तिच्या बाजूने तिरकं सरकत जाऊ नये, चाक अडकतं; तिला आडवं छेदून पलीकडे जायचं. मुंबईत १९६४ पर्यंत ट्राम होती, तिच्या रुळांबाबत सायकलवाल्यांना हेच करावं लागायचं. रेल्वे फाटकालाही हेच लागू.

ब्रेकबद्दल आपल्याकडे एक खुळी समजूत आहे की पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावर उलटतं, म्हणून पोरी फक्त मागचा वापरतात आणि पुढचा मोडला तरी कुणी दुरुस्त करत नाही. खरं म्हणजे थांबताना अंगाचं वजन पुढे येतं, म्हणून पुढचं चाकच जास्त थांबवतं. अंग मागे घेऊन दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबायचे. वळणाच्या आधी वेग कमी करायचा. वळणात, सुट्या खडीवर पुढचा ब्रेक आवळला तर मात्र चाक घसरतं. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींना उजवा हात पुढच्या चाकाचा असतो, तरी आपल्या सायकलीचा कोणता ते दाबून बघा.

आता कर्जाचं. बाजारात स्वस्तात जी दोन शॉकरवाली सायकल मिळते, तिच्यात बहुधा नुसती स्प्रिंग असते, उसळी मारणारं तेल नसतं. ती जड असते. चढावर पेडल मारलं की काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो, पोरगी दमते आणि सायकल पुढे सरकत नाही. मागच्या सांध्यातले बुश झिजले की मागचं चाक डुलायला लागतं, आणि तालुक्यालाही ते बुश मिळेलच असं नाही. मग सायकल गोठ्यात पडते, पोरगी पायी निघते, पावसाळ्यात दोन दिवस चुकवते, आणि पुढे काय होतं ते तुम्ही आपापल्या गावात पाहिलं आहे. हप्ते मात्र गटात भरावेच लागतात. म्हणून आमचा सल्ला: मागचा शॉकर नको. साधा लोखंडी सांगाडा, रुंद टायर, दोन्ही ब्रेक धड, पोरीच्या उंचीला बसणारी सायकल घ्या. पुढचा शॉकर असला तरी त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. वाचलेल्या पैशात हेल्मेट, पंप, पंक्चरचं सामान आणि एक जादा ट्यूब येईल.

त्याआधी शाळेत मुख्याध्यापकांना विचारून या. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. तुमचा तालुका त्यात असेल तर कर्जाची गरजच नाही.

दुकानात गेल्यावर एवढं करा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी खटखट झाली तर तिथला नट ढिला आहे. चाक उचलून फिरवा, रिम एका ब्रेकला घासत असेल तर चाक वाकडं आहे. तारांवरून बोट फिरवा, सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी मुकी असेल तर ती सैल आहे. ती तिथेच आवळून घ्या, पैसे नंतर द्या.