वाक्यातील मुख्य पद कोणते?

‘खुटबावच्या शेतकऱ्याने ज्वारी कापली’ या वाक्यात मुख्य पद कोणते मानावे? नैयायिकांच्या मते प्रथमान्त पदाचा अर्थ मुख्य होय, तर वैयाकरणांच्या मते धात्वर्थ. पहिले मत मराठीस लावून पाहावे. ‘शेतकरी ज्वारी कापतो’ येथे शेतकरी मुख्य ठरतो. ‘कापली’ म्हणताच तो मान ज्वारीकडे जातो. ‘शेतकऱ्याने बैलाला बांधले’ या भावे प्रयोगात तर प्रथमान्त पदच नाही, आणि क्रियापद कोणाच्याच लिंगवचनाप्रमाणे चालत नाही. शेतकरी तोच, मुख्य पद मात्र दर वाक्यास निराळे! क्रियापद तिन्ही ठिकाणी आहे, व कोणत्या पदांची आकांक्षा आहे हे तेच ठरविते. फ्रेंच पंडित तेनिएर यांच्या 1959 साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही वाक्याच्या शिरोभागी क्रियापदच आहे.

अडचण उरते ती ‘खुटबाव दौंड तालुक्यात’ अशा वाक्याची. अशा स्थळी ‘अस्ति’ हे पद अध्याहृत असते, असे कात्यायनाचे वार्तिक आहे. त्यानुसार मराठीत ‘आहे’ घेता येईल. संगणकीय पृथक्करणातील ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ ही पद्धती मात्र ‘तालुक्यात’ यासच मुख्य ठरविते. ‘आहे’ उच्चारले, तरीही तिचा निर्णय तोच.