पडद्यावरील अक्षर : चित्र आणि क्रमांक

संगणकास अक्षर ठाऊक नसते, क्रमांक ठाऊक असतो. ही गोष्ट मुलांस तोंडी सांगून पटत नाही. हाताने करून पाहिली म्हणजे चटकन ध्यानी येते. तिच्यासाठी संगणक हवाच असे नाही. नागझिरा अभयारण्याच्या कडेला असलेल्या चोरखमारा गावी वीज गेलेली असली, तरी चौकटीची वही आणि पेन्सिल यांवर हा पाठ घेता येईल.

बेसिक ही संगणकाची भाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी सिद्ध केली. १९८४ साली केंद्र शासनाने निवडक शाळांतून संगणक-परिचयाची योजना सुरू केली, तेव्हा बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश यंत्रे आली; त्यांवर याच भाषेचा एक प्रकार होता. यंत्रात रोमन अक्षरे तयार होती. मोठा 'ए' म्हणजे ६५. देवनागरी नव्हती. परंतु हवे ते अक्षर स्वतः घडविण्याची सोय होती, आणि ती फार बोधप्रद आहे.

आठ ओळी व प्रत्येकीत आठ घरे अशी चौकट आखावी. घरांना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती द्याव्यात. आता चोरखमारा या नावातील 'म' काढू. पहिली ओळ शिरोरेषेची, सर्व घरे काळी, बेरीज २५५. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या ओळीत तिसरे आणि सातवे घर काळे. ३२ व २ मिळून ३४. पाचवीत दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत, १२६. सहावीत दुसरे, तिसरे व सातवे, ९८. सातवीत केवळ उभ्या दंडाचे घर, २. आठवी रिकामी, ०. 'व्हीडीयू २३,२२४' या आज्ञेपुढे हे आठ आकडे स्वल्पविराम देऊन लिहिले की २२४ या क्रमांकावर 'म' बसे, आणि 'प्रिंट सीएचआर$(२२४)' म्हणताच तो पडद्यावर उमटे. मात्र पडदा आरंभीच्या सातव्या प्रकारातून आधी बाहेर आणावा लागे.

येथवर सारे सुलभ. पण शिरोरेषा पहिल्याच ओळीत घेतली, तर 'चो'ची मात्रा कोठे द्यावी? रेषा खाली आणावी, तर अक्षरास जागा उरत नाही. उकाराची तर गोष्टच नको. याहून खोल अडचण 'गोंदिया' लिहिताना येते. 'दि' उच्चारताना द आधी व इकार मागून. चित्र मांडताना मात्र वेलांटी आधी द्यावी लागे. म्हणजे यंत्रात साठे ते चित्र, शब्द नव्हे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या 'इस्की' प्रमाणाने उच्चाराचा क्रम धरला, आणि युनिकोडनेही तीच रीत ठेवली. द चा क्रमांक २३४२, त्यामागून ऱ्हस्व इकाराचा २३६७. वेलांटी अलीकडे नेऊन दाखविण्याचे काम यंत्र स्वतः करते.

आपल्या कामाशी याचा निकटचा संबंध आहे. जुन्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर मराठी चित्र बसविलेले असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पत्रक उघडले, की रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. पटावरील नाव असे साठविले असेल, तर पुढे दाखल्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याचे नाव शोधूनही सापडत नाही, आणि हेलपाटे त्याच्या पदरी येतात. अशा याद्या मुळाबरहुकूम तपासून युनिकोडमध्ये पुन्हा लिहून काढणे हे कंटाळवाणे असले, तरी टाळण्याजोगे काम नव्हे.

वर्गात प्रत्येक मुलाने आपले आद्याक्षर चौकटीत काढावे व केवळ आठ बेरजा शेजाऱ्यास द्याव्यात. शेजाऱ्याने आकड्यातून १२८ वजा जातात का, मग ६४ जातात का, असे पाहत अक्षर पुन्हा उभे करावे. ज्यांच्या नावाच्या आरंभी वेलांटी आहे, त्यांना दोन चौकटी द्याव्यात.