छायाचित्रातील सूक्ष्म लक्षणे पाठविताना हरवू नयेत म्हणून

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात औषधींची नावे व रूपे जाणणाऱ्या गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी लोकांचा उल्लेख आहे. रूपज्ञानाची ही परंपरा वनस्पती प्रत्यक्ष हाती घेऊन चालत आली. आज मात्र आपल्यापैकी अनेकांना एखाद्या द्रव्याचे पहिले दर्शन मोबाइलच्या पडद्यावरच घडते. त्यामुळे सादरीकरणातील छायाचित्र स्पष्ट असणे ही केवळ शोभेची बाब राहिलेली नाही. ती द्रव्यपरीक्षेचाच एक भाग झाली आहे.

एक अनुभव

हातकणंगले परिसरातील वैद्य व औषधी दुकानदारांच्या बैठकीसाठी प्रस्तुत लेखकाने गुळवेलीच्या ओळखीवर सादरीकरण तयार केले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, सुरक्षित असल्याचे सांगितले. त्याच वेळी तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीचा वापर अपायकारक ठरू शकतो, असेही स्पष्ट केले. गुळवेलीच्या फुलात ६ पाकळ्या असतात व फळे गोल, लाल असतात. क्रिस्पाच्या फुलात ३ पाकळ्या असतात व फळे लांबट, नारिंगी असतात. परंतु दुकानात येणाऱ्या मालात फूल किंवा फळ क्वचितच असते. तेथे कांडावरूनच निर्णय करावा लागतो. क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी असतात. गुळवेलीच्या कांडावरही वल्करंध्रांचे बारीक, किंचित उठावदार ठिपके असतातच. गाठ आणि ठिपका यांतील फरक दिसणे, हेच त्या सादरीकरणाचे मर्म होते.

बैठकीतील मोठ्या पडद्यावर हा फरक उत्तम दिसला. नंतर अनेकांच्या आग्रहावरून प्रत्येक स्लाइडचे चित्र करून ती चित्रे व्हॉट्सॲपवर पाठविली. दोन दिवसांनी एका दुकानदारांचा दूरध्वनी आला, "डॉक्टर, तुमच्या फोटोत दोन्ही कांडं सारखीच दिसतात की हो! आलेला माल ठेवू का परत पाठवू?" त्यांना नमुना घेऊन बोलाविले. माल गुळवेलीचाच निघाला. परंतु त्यांनी न विचारता त्या अस्पष्ट चित्रावर विसंबून निर्णय घेतला असता, तर दोष लेखकाकडेच आला असता.

स्पष्टता कोठे हरवते?

संगणकावरील छायाचित्र हे चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. मूळ छायाचित्राची रुंदी ४००० पिक्सेल असून त्यात २० सेंटिमीटर लांबीचे कांड दिसत आहे, असे समजू. म्हणजे कांडाच्या प्रत्येक मिलिमीटरला २० पिक्सेल मिळतात. १ मिलिमीटरचा ठिपका त्यात सहज ओळखता येतो.

हेच छायाचित्र स्लाइडवर ४ इंच रुंद बसविले. पॉवरपॉइंट फाइल साठविताना चित्रांची घनता सामान्यतः इंचाला २२० पिक्सेलपर्यंत कमी करते. ४ इंचांना ८८० पिक्सेल उरले, म्हणजे मिलिमीटरला साडेचारहून कमी. त्यानंतर स्लाइडचे चित्र तयार केले. मूळ योजनेनुसार त्याची घनता इंचाला ९६ पिक्सेल असते. सुमारे १३.३३ इंच रुंदीची संपूर्ण स्लाइड १२८० पिक्सेलमध्ये मावते आणि आपल्या कांडाच्या वाट्याला केवळ ३८४ पिक्सेल येतात. मिलिमीटरला जेमतेम दोन!

यावर शेवटचा आघात जेपेग पद्धतीच्या संकोचनाचा. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्यास कमी जाणवणारा बारीक तपशील त्यातून वगळते. रंगाचा तपशील तर प्रकाश-छायेपेक्षाही अधिक वगळला जातो. आपल्या उदाहरणात असा एक चौकोन कांडाचा चार मिलिमीटर भाग व्यापतो. वल्करंध्र व गाठ दोन्ही त्याच चौकोनात विरघळतात. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविताना असेच संकोचन पुन्हा एकदा होते. एकदा गेलेला तपशील नंतर मोठा करून पाहिल्याने परत येत नाही.

उपाय

१. मूळ छायाचित्रच वापरावे. व्हॉट्सॲपवर आलेले अथवा पडद्यावरून टिपलेले चित्र सादरीकरणात घेऊ नये. ज्यांनी ते काढले त्यांच्याकडून मूळ फाइल मागवावी.

२. चित्रे घालण्यापूर्वी पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' या क्रमाने जाऊन 'इमेज साइझ अँड क्वालिटी' येथे 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' या पर्यायावर खूण करावी. ही योजना त्या त्या फाइलपुरती असते, हे ध्यानात ठेवावे. जुन्या फाइलमधील चित्रे आधीच लहान झाली असतील, तर ती काढून मूळ चित्रे पुन्हा घालावी लागतात.

३. एका स्लाइडवर सहा चित्रांची दाटी करू नये. निर्णायक लक्षणाचे चित्र संपूर्ण स्लाइडभर घ्यावे. छायाचित्र घेताना कांडाशेजारी मोजपट्टी ठेवल्यास गाठीचे मान कळते.

४. आकृत्या, कोष्टके व अक्षरे असलेल्या चित्रांसाठी पीएनजी प्रकार योग्य, तर छायाचित्रांसाठी उत्तम दर्जाचा जेपेग पुरेसा. जेपेग चित्र वारंवार दुरुस्त करून साठवू नये, कारण प्रत्येक वेळी थोडी हानी होते.

५. पाठविण्यासाठी स्लाइडची सुटी चित्रे न करता संपूर्ण सादरीकरणाची पीडीएफ करावी. त्या वेळी 'मिनिमम साइझ' न निवडता 'स्टँडर्ड' निवडावे. पाठविण्यापूर्वी ती पीडीएफ स्वतःच्या मोबाइलवर मोठी करून पाहावी.

६. व्हॉट्सॲपवर ही फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. तशी पाठविल्यास तिच्यात बदल होत नाही. २०२३ पासून छायाचित्रांसाठी 'एचडी' पर्याय उपलब्ध आहे. त्याने हानी कमी होते, पण पूर्णपणे टळत नाही. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा.

७. झूमवर व्याख्यान देताना पडदा दाखविण्याच्या वेळी 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' हा पर्याय बंद ठेवावा. तो चलत्चित्रासाठी आहे आणि स्थिर चित्राची स्पष्टता त्यामुळे घटते. श्रोत्यांना पीडीएफ आधीच दिल्यास सर्वांत उत्तम.

एक सावधगिरी

स्पष्टतेबरोबर जबाबदारीही येते. त्वचारोगाच्या रुग्णाचे चित्र कापून फक्त व्रण दाखविला, तरी सादरीकरणाच्या फाइलमध्ये कापलेला चेहरा शिल्लक राहू शकतो. चेहऱ्यावर ठेवलेली काळी पट्टीही कोणी बाजूला सारू शकतो. कापलेला भाग फाइलमधून काढून टाकण्यासाठी 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मधील 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' हा पर्याय वापरावा; काळी पट्टी मात्र त्याने पक्की होत नाही. त्याच चौकटीत दर्जा कमी करण्याचे पर्यायही असतात, ते निवडू नयेत. मूळ छायाचित्रात कधी कधी ते कोठे घेतले त्या स्थळाची नोंदही असते. रुग्णाची संमती तर सर्वांआधी.

छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी ते प्रत्यक्ष द्रव्याची जागा घेऊ शकत नाही. शंका आल्यास नमुना हाती घ्यावा, मोडून, हुंगून, चाखून पाहावा, तज्ज्ञांना दाखवावा. परंतु ही शंका दुकानदाराच्या मनात येण्यासाठी निदान लक्षण तरी त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचले पाहिजे. आपण पाठविलेल्या चित्रावरून कोणी औषधाची खरेदी करणार आहे, एवढे स्मरण ठेवले तर वरील सात गोष्टींसाठी लागणारी दहा मिनिटे व्यर्थ वाटणार नाहीत.