समेटाआधीची पारख

ऑस्ट्रेलियाच्या कुटुंब कायद्यातील १० जून २०२५ पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांत हुंड्यापायी होणारा छळ हे आर्थिक अत्याचाराचे उदाहरण म्हणून नोंदवले गेल्याने भारतीय वाचकांचे लक्ष तिकडे जाणे साहजिक होते. मात्र हा छळ न्यायाधीशाच्या आधी ज्याच्या कानावर पडतो, त्या कौटुंबिक तंटा निवारकाच्या शिक्षणाचा विचार क्वचितच होतो. मुलांच्या संगोपनाविषयी न्यायालयात जाण्यापूर्वी, हिंसाचार किंवा निकड असे अपवाद सोडता, विभक्त जोडप्याला त्याच्याकडे जावे लागते आणि कलम ६०-आयखालील त्याचा दाखला अर्जाला जोडावा लागतो.

निवारकाला मान्यता देते ते केंद्रातील अ‍ॅटर्नी-जनरल खाते. त्यासाठीच्या ग्रॅज्युएट डिप्लोमात देखरेखीखालील ५० तासांचे प्रत्यक्ष काम असते. व्यावसायिक विमा आणि मुलांबरोबर काम करण्यासाठीची पडताळणी ओघाने आलीच.

या शिक्षणाचा खरा गाभा समेट घडवण्यात नसून समेटाची बैठक कधी घेऊ नये हे ओळखण्यात आहे. म्हणूनच दोघांना समोरासमोर बसवण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून हिंसेचा पूर्वेतिहास, सुरक्षितता, मुलांना असलेला धोका आणि घासाघीस करण्याची दोघांची ताकद तपासली जाते. पगार कोणाच्या खात्यात जातो, व्हिसा कोणाच्या नोकरीवर टिकून आहे, लग्नानंतर माहेराकडे पुन्हा पुन्हा काय मागितले गेले, हे प्रश्न येथे निर्णायक ठरतात. मारहाण झाली का, एवढेच विचारणाऱ्याला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर मिळेल आणि भावाने कर्ज काढून पाठवलेल्या पैशांची गोष्ट बाहेरच राहील. मानपानाच्या नावाखाली चालणारी वसुली परक्या समाजातील नवख्या निवारकाला ५० तासांत उमगेल, ही अपेक्षा भाबडी वाटते.

धोका आढळल्यास दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून निवारकाने निरोपांची ने-आण करावी, किंवा प्रकरण चर्चेस योग्य नाही असा दाखला द्यावा. दाखल्यात कारणे लिहिली जात नाहीत आणि बैठकीतील बोलणे, मुलाच्या छळाचे काही अपवाद वगळता, पुरावा म्हणून चालत नाही. या गोपनीयतेमुळे माणसे मोकळी होतात हे खरे, पण त्याच आडोशाने निवारकाची चुकलेली पारखही झाकली जाते, आणि घाबरलेल्या पत्नीने बैठकीत मान्य केलेली मुलांच्या संगोपनाची वाटणी दोघांच्या सहीनिशी पालकत्वाचा आराखडा म्हणून कागदावर येऊ शकते.