कुरणात भरलेली शाळा

बहारीनमध्ये मुहर्रक इथं मुलींची पहिली सरकारी शाळा १९२८ साली उघडली. त्याच सुमारास इकडे पुण्यात अनुताई वाघ शिक्षिका व्हायची तयारी करीत होत्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला गेल्या, १९५७ साली डहाणूजवळच्या कोसबाडला. तिथं वारली शेतकऱ्यांची पोरं शाळेत येईनात. येणार कशी? गुरं कोण राखणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? ताईंनी धाकट्यांसाठी पाळणाघर काढलं आणि गुराख्यांची शाळा थेट कुरणातच नेली. गुरं चरताहेत, पोरं शिकताहेत! आम्हांला तर ही युक्ती फारच आवडली. स्वतः ताईंनी बी. ए. केलं ते ५१ व्या वर्षी. आजीबाई, ऐकताय ना? १९८५ साली पद्मश्री मिळाली, तरी मुक्काम कोसबाडलाच. १९९२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, तिथंच त्या वारल्या.