दातांचे डॉक्टर पळाले नव्हते

कोविडचा विषय निघाला की लालबागमध्ये एक वाक्य अजून हमखास कानावर पडतं: “तेव्हा दातांचे डॉक्टर शटर ओढून घरी बसले.” गणेश गल्लीत ऐका, चिंचपोकळीच्या पुलाखाली ऐका, बोलणाऱ्याला त्यात शंका नसते. हे चूक आहे. ठणकणाऱ्या दाढेसाठी रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्यांवर तो अन्यायही आहे.

आधी नियम काय होता ते पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 19 मे 2020 रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कंटेनमेंट झोनमधले दातांचे दवाखाने बंद राहणार होते. रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार करायचे होते, आणि मुंबई तेव्हा रेड झोनमध्ये होती. सूज गळ्याकडे उतरतेय, रक्त थांबत नाही, जबडा मोडलाय, अशा रुग्णांना बघायचं. दात साफ करणं, तारा, कवळी हे सगळं पुढे ढकलायचं.

त्याच काळात फॅमिली डॉक्टरांना मात्र सरकार दवाखाने उघडा म्हणून बजावत होतं. मे महिन्यात वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने मुंबईतल्या 55 वर्षांपर्यंतच्या खासगी डॉक्टरांना किमान 15 दिवस कोविड रुग्णालयांत काम करायला सांगितलं. एकाच गल्लीतल्या दोन पाट्या, एकीला ‘उघड’, दुसरीला ‘थांब’. लोकांनी दुसरी पाटी पाहिली आणि तिला भित्री ठरवलं.

हा फरक का, हे समजायला एअरोटर पाहावा. दात कोरणारं हे यंत्र मिनिटाला 3 लाखांहून जास्त फेरे घेतं. दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा चालू असतो. त्या पाण्यात लाळ मिसळते आणि धुक्यासारखे तुषार हवेत राहतात. रुग्णाला मास्क लावता येत नाही, डॉक्टरांचं तोंड हातभर अंतरावर. आता हे सगळं आपल्याकडच्या गाळ्यात आणा: पुढे काचेचं दार, मागे सलग भिंत, मधे पार्टिशन आणि वर आतलीच हवा घुमवणारा स्प्लिट एसी. सूचनांमध्ये छताचा पंखा बंद ठेवा, टेबलफॅन डॉक्टरांच्या पाठीमागे ठेवा, एक्झॉस्ट असा बसवा की हवा रुग्णापासून दूर, एकाच दिशेला जाईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्या गाळ्याला मागे खिडकीच नाही, तिथल्या डॉक्टरांनी भिंत फोडल्याशिवाय हे कसं करायचं होतं?

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पक्का: “दातांच्या खुर्चीत बसलं की कोविड झालाच.” अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या मासिकात 2020 मध्ये आलेल्या पाहणीत, सुमारे 2,200 दंतवैद्यांपैकी जेमतेम 0.9 टक्के जणांना खात्रीने किंवा बहुधा लागण झालेली आढळली. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात उडालेल्या तुषारांतले जंतू मुख्यतः यंत्राच्या पाण्यातून आलेले निघाले, लाळेचा वाटा फार थोडा. रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), जोरदार सक्शन, एन-95 मास्क एवढं नीट वापरलं तर धोका आटोक्यात राहतो. पण ही माहिती हाती यायला वेळ लागला. मे 2020 मध्ये सावध राहणं बरोबरच होतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फोनवरून तपासून फी घेणं बेकायदा? मुळीच नाही, टेलिमेडिसिनच्या सूचना 25 मार्च 2020 लाच निघाल्या आणि त्यात योग्य फीला परवानगी आहे. दारातल्या थर्मल गनने रुग्ण कळतो? लक्षणं नसलेला माणूसही विषाणू पसरवतो, त्याला ताप कुठे असतो! माणसांवर जंतुनाशकाची फवारणी? ती करू नका असं आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच बजावलं होतं. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा दिला की रुग्ण बरा होतो? लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान-प्लाझ्मादान केलं. देणाऱ्यांचं मन मोठंच. पण आयसीएमआरच्या 464 रुग्णांवरच्या चाचणीत प्लाझ्माचा उपयोग दिसला नाही आणि मे 2021 मध्ये तो उपचारांतून वगळला गेला.

आणि “दवाखाना रोज फिनेलने पुसतो की आम्ही!” पुसा, जरूर पुसा. पण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता दर संपर्काला दहा हजारांत एकाहून कमी, असं अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल 2021 मध्ये सांगितलं. फरशी चकचकीत आणि खिडकी बंद, असे दवाखाने आजही आहेत.